पडदा आणि कुंचला

इ. स. १८७२ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत गेले. तेथील भित्तिचित्रांच्या नकला करावयाच्या होत्या. आत उजेड अपुरा आणि भिंती काळवंडलेल्या. तरीही एकेक रेषा न्याहाळीत हे विद्यार्थी ती चित्रे कापडावर उतरवीत राहिले. मधूनमधून हे काम १८८५ पर्यंत चालले. नकला लंडनला रवाना झाल्या आणि १८८५ सालीच तेथील संग्रहालयात लागलेल्या आगीत त्यांतील बऱ्याचशा जळून गेल्या. त्याही आधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकलांची १८६६ साली लंडनमध्येच अशीच राख झाली होती.

आजच्या मुलांना हे ऐकून हळहळ वाटेल. आता एक कळ दाबताच पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणी वर्गातील पडद्यावर उभा राहतो. डिजिटल छायाचित्राच्या हव्या तितक्या प्रती ठिकठिकाणी जपता येतात. एका आगीत सारे जाण्याचे भय उरलेले नाही. ज्या मुलांना अजिंठ्याची सहल परवडत नाही, त्यांच्यावर तर हे मोठेच उपकार होत. ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयाने रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या १६४२ सालच्या चित्राचे ७१७ अब्ज बिंदूंचे छायाचित्र २०२२ साली सर्वांसाठी खुले केले. त्यात रंगाच्या थराला गेलेले बारीक तडेही दिसतात. प्रत्यक्ष संग्रहालयात चित्राच्या इतके जवळ कोणी जाऊ देणार नाही! चित्र दाखविण्याच्या कामी पुस्तकातील पुसट छपाई पडद्याची बरोबरी करू शकत नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु चित्र पाहणे वेगळे आणि चित्र काढण्यास शिकणे वेगळे. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांच्या नकला जळाल्या. पण त्या करताना त्यांच्या डोळ्यांना जी पारख आली आणि बोटांना जे वळण लागले, ते त्यांच्यापाशीच राहिले.

टॅब्लेटवर चित्र काढणाऱ्या मुलाची वाकडी रेषा यंत्र सरळ करून देते. वर्तुळ तर त्याला काढावेच लागत नाही. बोट टेकताच आकाश निळे होते आणि चूक झालीच, तर ती एका कळीने नाहीशी होते. जलरंगाने चित्र रंगविणाऱ्या मुलाला अशी सवलत नसते. ओल्या कागदावर लाल रंग निळ्यात उतरतो, आकाश नको तेथे जांभळे होते आणि मुलगा हिरमुसतो. पुढच्या खेपेस मात्र तो कुंचला टेकविण्यापूर्वी क्षणभर थांबतो. कुंचल्यात पाणी किती हवे, हे त्याच्या हाताला उमगलेले असते. ते कोणी सांगून उमगले नसते.

वारली चित्रांत हा फरक अधिक ठळक दिसतो. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात बुडविलेली बांबूची काडी टेकली, की रेषा ठसठशीत उमटते. रंग संपत आला, की ती बारीक होत जाते. तारपा वाजविणाऱ्याभोवती फेर धरलेली माणसे सारखी दिसतात खरी, पण कोणी किंचित पुढे झुकलेला असतो, कोणाचा पाय जरा अधिक उचललेला असतो. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर व कापडावर आणली आणि जगभर पोहोचविली. रेषेतील हा जिवंतपणा त्यांनी कधी सोडला नाही. टॅब्लेटवर एकच माणूस काढून त्याच्या वीस प्रती करता येतात. फेर पुरा होतो, पण त्यात नाच दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, की डेव्हिड हॉकनी यांच्यासारख्या थोर चित्रकाराने २०१० पासून आयपॅडवर कितीतरी चित्रे काढली. मग मुलांनी का काढू नयेत? हॉकनी यांनी ते यंत्र हाती घेतले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती आणि कोळसा, शाई, तैलरंग यांत त्यांचा हात अर्धशतकाहून अधिक काळ फिरलेला होता. कागद व रंग महाग पडतात, हीही तक्रार ऐकू येते. परंतु कोळशाचा तुकडा टॅब्लेटहून महाग खासच नाही. ज्या मुलाचा हात आजाराने किंवा व्यंगामुळे नीट चालत नाही, त्याची गोष्ट निराळी. त्याला ही साधने पहिल्या दिवसापासून मिळाली पाहिजेत. इतरांना ती एकदोन वर्षांनी मिळाली, तरी काही बिघडणार नाही.

तासाच्या आरंभी पडदा उजळावा, झाडाचे एखादे नामांकित चित्र मुलांनी डोळे भरून पाहावे आणि मग पडदा मालवून सर्वांनी वह्या घेऊन अंगणातील चिंचेखाली जावे. तेथे वाऱ्याने फांदी हलते. ती अर्धी काढून होते न होते, तोच ऊन सरकते आणि मघाची सावली भलतीकडेच गेलेली असते. इतक्यात घंटा होते, आणि उरलेले झाड पुढच्या तासावर जाते.