जखम तोंडात, मग मान कशाला कापायची?

गालाच्या आतली जखम महिना-दोन महिने भरत नाही. रुग्ण वर्षानुवर्षे खर्रा खाणारा. तुकडा तपासला की कर्करोग निघतो. गालाबरोबर मानेचेही ऑपरेशन करावे लागेल असे सांगितले की नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, जखम तोंडात आहे, मंग मान कायले कापता जी?"

कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून मला हा प्रश्न अडाणीपणाचा वाटत नाही. सर्जन मंडळींतही यावर कित्येक वर्षे वाद होता. तोंडाचा कर्करोग बहुधा प्रथम मानेतल्या लसिका ग्रंथींमध्ये पसरतो. पण सुरुवातीला हाताला गाठ लागत नाही. मग ग्रंथी आधीच काढाव्यात, की गाठ दिसेपर्यंत थांबावे?

याचे उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात शोधले गेले. डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एका गटाच्या मानेतल्या ग्रंथी तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच काढल्या. दुसऱ्या गटात गाठ आली तरच मानेचे ऑपरेशन केले. ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनी पहिल्या गटातील ८० टक्के रुग्ण जिवंत होते, तर दुसऱ्या गटातील ६७.५ टक्के. म्हणजे आठ जणांची मान आधीच साफ केली तर एकाचा जीव अधिक वाचतो.

लक्षात घ्या, थांबलेल्या गटाचीही ठरावीक काळाने तपासणी होत होती. तरीही हा फरक पडला. आमच्या एटापल्ली-सिरोंचाचा मजुरी बुडवणारा माणूस वारंवार नागपूर गाठणार कसा? म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की आपल्या भागात "गाठ आल्यावर पाहू" हा सल्ला महागात पडतो. मानेच्या ऑपरेशननंतर खांदा काही काळ आखडू शकतो, व्यायाम करावा लागतो. हे डॉक्टरांनी आधीच नीट समजावून सांगितले पाहिजे.

पण या संशोधनाचा लाभ लवकर येणाऱ्यालाच. आमच्याकडे अनेकजण येतात ते लिंबाएवढी गाठ घेऊन. गडचिरोलीत २०१६ साली सुरू झालेल्या 'मुक्तिपथ' अभियानाने दारू-तंबाखूविरुद्ध गावे संघटित केली. त्याच धर्तीवर दोन्ही जिल्ह्यांत खर्रा खाणाऱ्या प्रत्येकाचे तोंड गावातच तपासले जावे, असे मला वाटते.

तोपर्यंत एवढे करा. उजेडात आरशासमोर तोंड उघडा. पांढरा वा लाल चट्टा दिसला, तोंडात तीन बोटे उभी मावेनाशी झाली, किंवा जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर तडक डॉक्टरांकडे जा. दुखत नाही म्हणून घरी बसू नका. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखतच नाही. आणि खर्रा? तो आजच थुंकून टाका.