दवंडी आपल्या वस्तीतही पिटा

भादव्यात गावी गेलो होतो. यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाचं गाव. नाव कशाला सांगू, सगळी सारखीच. भीमनगर संपतं तिथून पाटलाचं वावर सुरू होतं. त्या वावरावर ड्रोन घरघरत होता आणि अख्खी वस्ती बांधावर उभी राहून बघत होती. पोरं नाचत होती. दहा लिटरची टाकी, दहा मिनिटांच्या आत एकर खलास.

मामा माझ्या बाजूला उभा होता. मी म्हणालो, "मामा, खांद्यावरचा पंप गेला एकदाचा." मामा म्हणाला, "पंप गेला थे बरं झालं. पर मजुरी बी गेली ना बाप्पा. आता म्या काय करू थे सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला हे संपादकीय लिहायला बसलोय.

या मामानं आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात फवारलं. पाठीवर सोळा लिटरचा पंप, मजुरी पंपामागे. २०१७ च्या सप्टेंबरात एक दिवस तो फवारून घरी आला, ओकला, आडवा झाला आणि मामीला म्हणाला, "लाइट काहून बंद केला वं?" लाइट चालूच होता. मामा वाचला. नजर अर्धीमुर्धी परत आली.

सगळे वाचले नाहीत. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबरात आर्णी, कळंब, घाटंजीकडून माणसं यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात येत राहिली. कुणाला दिसेना, कुणाला श्वास घेता येईना. शेकडो माणसं भरती झाली. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं मेली. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, हवा दमट, वारा नाही. वर फवारलेलं औषध अंगावर, तोंडावर, डोळ्यांत परत येत होतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी औषधं शरीरातलं कोलिनेस्टरेज नावाचं विकर बंद पाडतात. नसांचा ताबा सुटतो. ते तपासायची रक्तचाचणी जिथे माणसं मरत होती तिथेच धड होत नव्हती.

मग सरकारनं विशेष तपास पथक नेमलं. त्यांच्या अहवालानं बोट कुणाकडे दाखवलं? शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या हलगर्जीपणाकडे. हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, म्हणून मेले. म्हणजे मेलेल्यानंच स्वतःला मारलं! भादव्याच्या उन्हात, गुडघाभर चिखलात, मास्क लावून पंप मारून बघा एकदा. आणि मास्क देणार कोण होतं? मालक? दुकानदार? कंपनी? २०२१ साली मेलेल्या दोघांच्या बायका आणि एक वाचलेला माणूस पार स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरातल्या कोर्टात सिंजेंटा कंपनीविरुद्ध गेले. कंपनीनं आरोप नाकारले. पण यवतमाळच्या बाया बाझेलपर्यंत गेल्या, ही गोष्ट आपण शहरातल्या पोरांनी ध्यानात ठेवावी. आपण तहसीलपर्यंत जात नाही.

आता मोनोक्रोटोफॉसचंच बघा. भाजीपाल्यावर त्याला २००५ सालीच मनाई झाली. २०१३ साली बिहारच्या गंडामन गावात शाळेच्या खिचडीत ते गेलं आणि २३ लेकरं मेली. तरी कापसावर चालूच. ३६ टक्क्यांच्या द्रावणावर बंदीचा आदेश निघाला तो २०२३ साली. ताटातल्या भाजीवर नको आणि मजुराच्या पाठीवर चालेल, हा कुठला न्याय?

तेव्हा दोस्तहो, ड्रोन आला म्हणून मी गळा काढणार नाही. यंत्राला शिव्या देणं हे आपलं काम नव्हे. चरख्याच्या आणि खेड्याच्या आरत्या ओवाळणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९४५ सालीच ठणकावलं होतं, की माणसाला जनावराच्या जिण्यातून सोडवायचं तर यंत्र पाहिजे, फुरसत पाहिजे. ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याला हे लगेच समजतं. ज्याची पाठ मोकळी त्यालाच जुन्या खेड्याचं कौतुक. विष पाठीवरून उतरत असेल तर उतरू द्या.

पण ते उतरून जातं कुठं, ते बघा.

त्या दिवशी मी बांधावरून बघत होतो. रिमोट घेऊन पायलट सावलीत उभा. टाकी भरायला एक पोरगा. बाटली फोडायची, बादलीत औषध ओतायचं, काडीनं ढवळायचं, टाकीत भरायचं. हातमोजे नाहीत. हातपंपाला एकरी दीडदोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनला दहाएक लिटर. म्हणजे त्या बादलीतलं विष कितीतरी पटीनं दाट. तो पोरगा कुणाचा, विचारू नका. आपलाच. पायलट एक, हेल्पर एक. जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांची उतरंड आहे, हे आपल्याला १९३६ सालीच सांगून झालंय. आता ती उतरंड ड्रोनला लटकून आली.

आणि ड्रोन सगळं बघतो म्हणतात, त्यातही मेख आहे. त्याच्या कॅमेऱ्याला हिरवं पान आणि पिवळं पान यातला फरक माणसाच्या डोळ्याआधी कळतो. निरोगी पान डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश जास्त परत फेकतं, त्यावरून. चांगली गोष्ट आहे. जिथं रोग तिथंच औषध मारलं तर विष कमी लागेल. पण गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसते. तिथं वरचा कॅमेरा आंधळा. तिथं कामगंध सापळेच लावावे लागतात. सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस सापडले की मग फवारायचं. हे काम माणसाचं आहे, डोळ्याचं आहे, मजुरीचं आहे. मामाच्या प्रश्नाचं थोडं उत्तर इथं आहे. पाळत ठेवायची मजुरी द्या. पण सापळ्याची मजुरी कुणी देत नाही, फवारणीचं भाडं सगळे देतात.

एप्रिल २०२२ मध्ये सरकारनं ४७७ कीटकनाशकं ड्रोननं मारायला एका झटक्यात दोन वर्षांची परवानगी देऊन टाकली. अनुदानं निघाली. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला ५० टक्के, ५ लाखांपर्यंत. २०२३ अखेर बायांच्या बचत गटांना ८० टक्के, ८ लाखांपर्यंत देऊ केलं. कागदावर आपलं नाव आहे बरं का! पण शेतकरी म्हणजे सातबारा. सातबारा नाही तो शेतकरी नाही, मग तो चाळीस वर्षं फवारत का असेना. पायलट व्हायचं तर दहावी पास पाहिजे, मान्य संस्थेचं प्रशिक्षण पाहिजे, त्याची फी पाहिजे. मेल्यावरही तेच. शेतकरी अपघाताच्या योजनेत नाव लागतं खातेदाराचं आणि त्याच्या घरच्या एकाचं. मजुराचं मरण सातबाऱ्यावर चढत नाही.

जमीन! सगळे रस्ते तिथंच जातात. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या मागे भूमिहीनांनी तुरुंग भरले. २००४ साली त्यांच्या नावानं योजना आली, भूमिहीनाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन. तुमच्या गावात कितींना मिळाली, जाऊन विचारा. मी विचारलं. माझ्या वस्तीत एकालाही नाही.

आणखी एक गोष्ट. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत लिहिलंय, की हवेतून फवारायचं असेल तर निदान २४ तास आधी लोकांना कळवलं पाहिजे, आणि माणसं-जनावरं तिथं फिरकू देता कामा नयेत. त्या दिवशी पोरं बांधावर नाचत होती. शेजारच्या वावरात बाया निंदत होत्या. वारा वस्तीकडे होता. कुणी सांगितलं होतं? गावाची दवंडी पिढ्यान् पिढ्या आमच्या आज्यांनी पिटली. तलाठी आला, पिटा. पटकी आली, पिटा. आता आमच्या अंगावर विष येतंय तर आमच्यासाठी दवंडी पिटायला कुणी नाही.

म्हणून मामा, माझं उत्तर हे. फवारणीआधी २४ तास भीमनगरात दवंडी झाली पाहिजे. औषध कालवणाऱ्याला हातमोजे-मास्क मालकानं दिलेच पाहिजेत. तालुक्याच्या दवाखान्यात ती रक्तचाचणी झाली पाहिजे. वस्तीतल्या दहावी झालेल्या पोरापोरींना पायलटचं शिक्षण फुकट, आणि ड्रोन मजुरांच्या सोसायटीच्या मालकीचा. नुकसानभरपाई सातबारा न बघता. आणि जमीन.

शहरातल्या दोस्तहो, पुढच्या फवारणीच्या हंगामात गावी जा. नियमाची एक प्रत खिशात ठेवा आणि ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, दवंडी कुठाय? नाही पिटली तर ड्रोनखाली उभे राहा. मी उभा राहणार आहे. मामा म्हणाला, "म्या बी येतो."