उठण्याचा हक्क

“बसून काम असतं ना तुमचं? मग जरा चालत जा. लिफ्ट वापरू नका. सकाळी अर्धा तास लवकर उठा. तुम्ही बायका स्वतःकडे लक्षच देत नाही!”

कंबरदुखीसाठी ज्यांच्याकडे गेले होते, त्या डॉक्टरांचा हा सल्ला. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी अनेकींनी तो ऐकला असेल. मी मुलुंडला राहते. साडेपाचला उठते, डबे भरते, लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने चकाला, आणि साडेनऊला टेबलापाशी. तिथून उठते ती संध्याकाळी साडेसहाला. रात्री ओटा पुसून होईपर्यंत पावणेदहा. लवकर उठायचा तो अर्धा तास मी कुणाच्या झोपेतून काढू? अर्थात माझ्याच. दुसऱ्या कुणाच्या झोपेतून काढायची आपल्याकडे रीत नाही.

गंमत अशी की एके काळी मी भरपूर चालत होते. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर पहिली सहा वर्षं असल्फाच्या डोंगरावरच्या वस्त्यांत काम केलं. दिवसातून चार वेळा ते जिने चढायचे, उतरायचे. मग मी ‘अनुभवी’ झाले, समन्वयक झाले, म्हणजे खुर्चीत बसले. तिमाही अहवाल, निधीचे अर्ज, एक्सेलचे तक्ते. बायकांच्या आरोग्यावरचा एक अहवाल लिहिताना मी सलग चार तास उठले नव्हते. आता साखर काठावर आहे आणि कंबरेला पट्टा आहे. आपल्या संस्थांमध्येही बढती मिळते ती खुर्चीच्याच रूपाने, यावर आपण कधी बोललो आहोत का?

खुर्चीला नावं ठेवणं मला सोपं नाही. माझी आई घाटकोपरला मसाल्याच्या डंकावर काम करायची. दिवसभर उभी. मिरचीचा खकाणा नाकात आणि संध्याकाळी सुजलेली पावलं. “तू बसून करायचं काम बघ” एवढंच ती मला सांगायची. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलींना त्यांच्या आयांनी हेच सांगितलं आहे. आई धुणीभांडी करते, मासळी विकते, कचरा वेचते; मुलगी पदवीधर होते आणि तिला खुर्ची मिळते. ती खुर्ची म्हणजे सावली, पंखा, महिन्याच्या महिन्याला पगार, थोडा मान. म्हणून ती दुखायला लागली तर बोलायची चोरी. आईच्या पायांपुढे माझी कंबर काय सांगायची?

तरीही सांगायची असं आम्ही ठरवलं. घाटकोपरच्या एका शाळेच्या खोलीत रविवारी दुपारी बैठं काम करणाऱ्या बावीस जणी जमल्या. वकिलाच्या ऑफिसातली टायपिस्ट, मुलुंडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये बिलं करणारी, अंधेरीला डेटा एंट्री करणाऱ्या तिघी, बोरिवलीहून येणारी कॉल सेंटरवाली, पतपेढीची कॅशियर. विषय होता ‘व्यायाम’. पण पहिला अर्धा तास व्यायामाचा शब्दही कुणी काढला नाही. बोलणं सुरू झालं ते पाण्यावरून.

“मी ऑफिसात पाणी पीत नाही,” लॅबवाली म्हणाली. का? तर बायकांचं स्वच्छतागृह दोन मजले वर, किल्ली साहेबांच्या टेबलावर. किल्ली मागायची म्हणजे सगळ्यांना कळणार. त्यावर एकेक बोलू लागली. पाणी पीत नाही म्हणून जावं लागत नाही. जावं लागत नाही म्हणून उठणं नाही. उठणं नाही म्हणून पाय जड, लघवीला जळजळ, डोकं दुखतं. कॉल सेंटरवालीने सांगितलं की तिच्याकडे संगणकाला पाच मिनिटं हात लागला नाही की पडद्यावर खूण उमटते आणि महिन्याच्या शेवटी त्या मिनिटांची बेरीज समोर ठेवतात. डेटा एंट्रीवालीचे पाय जमिनीला टेकत नाहीत. खुर्ची उंच आहे आणि खालीवर करायचा खटका मोडलेला. तिने टेबलाखाली रद्दीचा गठ्ठा ठेवला होता, तो ‘बरा दिसत नाही’ म्हणून उचलायला लावला. आता ती पाय लोंबकळत ठेवून नऊ तास बसते.

या बाईला कुणी सांगावं, जरा चालत जा!

शरीराचं शास्त्र काही अवघड नाही. पोटरीचे स्नायू हलले की पायांतलं रक्त वर ढकललं जातं. तासन्‌तास हललेच नाहीत तर रक्त खाली साचतं, पाय सुजतात. आणि आळसावलेले स्नायू रक्तातली साखरही नीट उचलत नाहीत. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसवरच्या कामगारांची पाहणी केली, ती १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं, दिवसभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांमध्ये कमी. हा अभ्यास पुरुष कामगारांचा होता. पण त्यातली एक गोष्ट आपल्या फार कामाची आहे. ते कंडक्टर निरोगी राहिले ते पहाटे लवकर उठून व्यायाम करत होते म्हणून नव्हे. त्यांचं कामच तसं होतं. म्हणजे प्रश्न माणसाच्या आळसाचा नसून कामाच्या रचनेचा आहे, हे सत्तर वर्षांपूर्वी दिसलं होतं. आम्हाला मात्र अजून निर्धाराचं कीर्तन ऐकवलं जातं.

दुसरं कीर्तन घरात. “घरकाम करतेस ना, तोच व्यायाम!” २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोलाचं घरकाम करणाऱ्यांमध्ये बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं आणि पुरुषांची ८८. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा जो अभ्यास २०२४ मध्येच प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे २०२२ साली भारतातल्या ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के. हे आकडे शेजारी ठेवून बघा. दिवसाचे जवळजवळ पाच तास राबणारी बाईच अपुरी हलते! झाडलोट, पाणी भरणं यांत हालचाल आहेच, ती नाकारण्याचं कारण नाही. पण उपनगरातल्या वन रूम किचनमध्ये ओटा ते फ्रिज चार पावलं. पोळ्या लाटताना मनगट झिजतं, मान अवघडते, पाय एका जागी खिळतात. श्वास वाढेल अशी मोकळी हालचाल त्यात किती? लोकलमध्ये विक्रोळीपर्यंत एका पायावर उभं राहणं हाही व्यायाम धरला, तर आमच्या डब्यातल्या निम्म्या बायका ऑलिंपिकला जायला हव्यात.

आणि घरकामातून चुकून अर्धा तास सुटलाच, तर जायचं कुठे? अंधेरीच्या फूटपाथवर दोघींनी शेजारी शेजारी चालून दाखवावं. मैदानात क्रिकेट. खुल्या व्यायामशाळेतल्या लोखंडी यंत्रांवर संध्याकाळी सहानंतर मुलं बसलेली असतात, व्यायाम करत नसतात, नुसती बसलेली असतात. ओढणी सावरत त्यांच्यामधून जायचं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या ‘व्हाय लॉयटर?’ या २०११ च्या पुस्तकाने याच मुंबईबद्दल विचारलं होतं की बाईला रस्त्यावर काही काम असल्याशिवाय, नुसतं असायला मोकळीक का नाही. चालणाऱ्या बाईच्या हातात भाजीची पिशवी असली तर कुणी विचारत नाही. रिकाम्या हाताने झपाझप चालली की शेजारीण विचारते, “काय, घरी काही झालं का?”

आमच्या आज्यांनी यावर एक वाट काढली होती. मंगळागौर! झिम्मा, फुगडी, बसफुगडी, पिंगा. रात्रभर घाम निथळेपर्यंत नाचायचं आणि नाव देवीचं. मला त्या खेळांचं मनापासून कौतुक आहे, मीही चांगली फुगडी घालते. पण शरीर मोकळं करायला बाईला व्रताचं निमित्त लागावं, तेही सवाष्ण असेल तर आणि श्रावणातच, ही काही सोय नव्हे. हल्ली ऑफिसांतही महिला दिनाला झुंबा असतो. एक तास. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच खुर्ची आणि तोच मोडलेला खटका.

केरळची गोष्ट या संदर्भात आठवते. तिथल्या कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायकांना दिवसभर बसायची बंदी असे. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं. कोझिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्या ‘पेनकूट्टु’ संघटनेने यावर वर्षानुवर्षं लढा दिला. २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकानकायदा दुरुस्त करून बसण्याचा हक्क दिला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसा कायदा केला. सुरुवातीला त्यांनाही हसले होते लोक. खुर्ची हा काय मागणीचा विषय? त्यांना बसू देत नव्हते, आम्हाला उठू देत नाहीत. मालकाची नजर दोन्हीकडे तीच: बाईचं शरीर हे त्याच्या फर्निचरपैकी एक.

आपल्याकडे २०१७ चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा झाला तेव्हा त्यात सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती ठेवली. त्या पाच तासांत मध्ये उठण्याबद्दल अक्षर नाही. आणि वारं कुठल्या दिशेला वाहतं आहे बघा: सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांत रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून दहा तास करायला मंजुरी दिली. आणखी एक तास खुर्चीत! बाईच्या बाबतीत तो वाढीव तास कुठून येणार हे सांगायला नको. आपल्यापैकी किती गटांनी यावर साधं निवेदन दिलं?

“वस्तीत नळाला पाणी नाही आणि तुम्ही व्यायामाच्या गोष्टी करता, हे मध्यमवर्गीय दुखणं आहे,” असं एका जुन्या कार्यकर्तीने मला सुनावलं. मी त्यांचा आदर करते, पण ही वाटणी मला मान्य नाही. त्या खोलीतल्या बावीस जणींपैकी चौदा वस्तीत राहतात. मुतारीचा प्रश्नही असाच हसण्यावारी नेला जायचा. मग २०११ मध्ये कोरो आणि इतर संस्थांनी ‘राइट टू पी’ मोहीम उभी केली, पुरुषांना फुकट असलेल्या मुतारीत बायकांना पैसे का, हा प्रश्न महापालिकेच्या दारात नेला, आणि मग तो ‘मुद्दा’ झाला. दुखणं आधी असतं, मुद्दा आपण करायचा असतो.

म्हणून माझं म्हणणं आहे की योगशिबिरांची पत्रकं वाटणं आपण थोडं थांबवावं. तासाला पाच मिनिटं, पगार आणि शेरा न कापता, टेबलापासून उठता आलं पाहिजे. स्वच्छतागृहाची किल्ली साहेबाच्या टेबलावर असता कामा नये. जमिनीला पाय टेकतील अशी खुर्ची हवी. आणि संध्याकाळचा एक तास घरातल्या पुरुषाने ओट्याशी उभं राहावं. हे मागायचं युनियनकडे, मालकाकडे, वॉर्ड ऑफिसात आणि नवऱ्याकडे. शेवटचं सगळ्यात अवघड, हे मी स्वानुभवाने सांगते. आमच्या घरी सध्या मंगळवार आणि शुक्रवार एवढ्यावर तह झाला आहे. त्या दोन संध्याकाळी मी चालते.

सुरुवात आमच्याच ऑफिसपासून करावी म्हणून कार्यकारिणीत ठराव मांडला. तासाला पाच मिनिटं सगळ्यांनी उठायचं. चर्चा रंगात आली असताना चहा घेऊन मावशी आल्या. केर, लादी, बँक, झेरॉक्स, चहा. आमच्या ऑफिसात दिवसभर चालणारी ही एकच बाई, आणि जेवायला बसते जिन्याच्या पायरीवर. त्यांच्या गुडघ्यांबद्दल आम्ही आजवर विचारलं नव्हतं. ठराव ऐकून त्या म्हणाल्या, “ताई, आधी मला बसायला खुर्ची द्या. मग तुमचं उठायचं बघा.”

खुर्ची दुसऱ्याच दिवशी आणली. पाच मिनिटांवर अजून वाद चालू आहे. अहवालाची तारीख जवळ आली आहे, असं दोघींचं म्हणणं आहे.