काळजीचा कायदा होतो तेव्हा

इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात मला मालवणच्या बंदरावर मासळीच्या लिलावाची बातमी करायला पाठवलं. सकाळी बोटी लागल्या, टोपल्या वाळूवर उतरल्या आणि बायकांचे आवाज सुरू झाले. कुणी भाव पुकारतंय, कुणी घासाघीस करतंय, मध्येच कुणीतरी कुणाला तरी हासडतंय. एका मावशीपुढे मोबाईल धरला तर म्हणाली, “बोलतंय गो, पण आधी गिऱ्हाईक जावंदे.”

घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकताना एक जुनी बातमी आठवली. ऑगस्ट २०२४ मध्ये तालिबानने अफगाणिस्तानात एक कायदा काढला. त्यात बाईचा आवाजसुद्धा परक्यांपासून झाकून ठेवायची गोष्ट ठरवली. चारचौघांत गायचं नाही, मोठ्याने वाचायचं नाही. आमच्या बंदरावर हा कायदा लावला तर लिलावच बंद पडेल, असं वाटून हसू आलं.

ते हसू फार टिकलं नाही. कारण १० ऑक्टोबर २०२५ ला तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी यांची पत्रकार परिषद झाली ती आपल्या दिल्लीत, अफगाण दूतावासात. आणि तिथे एकाही महिला पत्रकाराला प्रवेश मिळाला नाही. देशभर आरडाओरडा झाला. दोन दिवसांनी दुसरी परिषद घ्यावी लागली, महिला पत्रकार पुढच्या रांगेत बसल्या आणि त्यांनी मुलींच्या शिक्षणावरच प्रश्न विचारले. आधीच्या प्रकाराला मुत्तकींनी ‘तांत्रिक अडचण’ म्हटलं. पत्रकारितेची विद्यार्थिनी म्हणून मला कळलं ते इतकंच, की ओरडलं तर दार उघडतं. पण काबूलमधल्या मुलीने कुठे ओरडायचं?

यावर एक कमेंट ठरलेली असते, ‘त्यांची संस्कृतीच तशी आहे, आपल्याला काय!’ हे साफ चूक आहे. १९६४ च्या राज्यघटनेने अफगाण स्त्रियांना मतदानाचा हक्क दिला होता. २००४ च्या घटनेने संसदेच्या खालच्या सभागृहात त्यांच्यासाठी चतुर्थांशाहून जास्त जागा राखून ठेवल्या. आज सहावीनंतर मुलींना शाळा बंद असलेला जगात हा एकच देश आहे. बाकीच्या मुस्लिम देशांत मुली शिकतायत ना? मग इथे काय बिघडलं?

माझ्या मते चार दशकांच्या युद्धाने बिघडवलं. १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा शिरल्या तेव्हा माझी आई पाळण्यात होती. त्या गेल्या, मग मुजाहिदीन आपसात लढले. काबूलवर रॉकेट पडत होती, बायका पळवल्या जात होत्या. अशा वेळी कुठलाही बाप मुलीला घरात ठेवणारच. १९९६ मध्ये तालिबान आलं ते ‘आम्ही सुरक्षा देतो’ म्हणत, आणि बापाच्या भीतीचा त्यांनी सरकारी नियम केला. २००१ नंतरच्या वीस वर्षांत शहरांतल्या मुली डॉक्टर, वकील, पत्रकार झाल्या. पण बऱ्याच खेड्यांत लढाई सुरूच होती, तिथे शाळा पोहोचलीच नाही.

१५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. माझा बारावीचा निकाल नुकताच लागला होता. त्याच महिन्यात तालिबानचे प्रवक्ते म्हणाले, नोकरदार बायकांनी सुरक्षेसाठी घरीच थांबावं, ही तात्पुरती व्यवस्था आहे. मार्च २०२२ मध्ये मुलींच्या शाळा उघडल्या आणि काही तासांत बंद झाल्या. पुन्हा ‘तात्पुरतं’. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठं बंद झाली, तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. डिसेंबर २०२४ मध्ये नर्स आणि सुईणींचं प्रशिक्षणही थांबवलं. बाईला पुरुष डॉक्टर नको आणि बाई डॉक्टर घडवायची नाही, मग बाळंतपण कोण करणार?

आपलाही यात हिशोब आहे. पुण्यात कित्येक वर्षं अफगाण विद्यार्थी शिकायला येतात. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने आधी दिलेले व्हिसा रद्द केले आणि तेव्हा घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले. मुलींची अडचण तर दुहेरी. घरचा पुरुष सोबत नसेल तर बाईला ७२ किलोमीटरच्या पुढे न्यायचं नाही, असा तालिबानचा नियम. म्हणजे मालवणहून पणजीलाही एकटीने जाता येणार नाही. भारताने २०२३ मध्ये अफगाण विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन शिक्षणाच्या १००० शिष्यवृत्त्या जाहीर केल्या, हे चांगलंच. पण सप्टेंबर २०२५ च्या शेवटी तालिबानने देशभर इंटरनेटच बंद केलं तेव्हा दोन दिवस तीही वाट बुजली. आता आपण काबूलशी पुन्हा संबंध वाढवतोय. वाढवावेत, औषधं आणि धान्यही जावं. पण प्रत्येक बैठकीत विद्यार्थिनींचा विषय निघालाच पाहिजे आणि इथे शिकायला येणाऱ्या मुलीला, सोबत येणाऱ्या नातेवाइकासह, व्हिसा मिळाला पाहिजे.

माझी आजी रोज सांगते, “चेडवा, काळोख पडाच्या आधी घराक ये.” ती काळजी आहे. मी वाद घालते, ती कुरकुरते, शेवटी ऐकते. पण मुलींच्या होस्टेलचं गेट साडेसातला बंद आणि मुलांचं रात्रभर उघडं, तेव्हा तिथेही कारण काळजीचंच देतात आणि वाद घालायला कुणी समोर नसतं. आपलं आणि त्यांचं दुःख सारखं आहे, असं मी अजिबात म्हणत नाही. त्यांनी सोसलंय त्याच्या पासंगालाही आपलं पुरणार नाही. फक्त शब्द तेच आहेत.

म्हणून यापुढे कुणी ‘तुमच्याच सुरक्षेसाठी’ म्हणत नियम केला, तर दोन प्रश्न विचारूया. आम्हाला विचारलं का? आणि हे किती दिवसांसाठी? काबूलच्या मुलींना ‘तात्पुरतं’ सांगून कितीतरी वर्षं झाली.