हस्तलिखित आणि सवलत

तुरुंगात लिहिल्या गेलेल्या मराठी पुस्तकांविषयी आपण नेहमीच गहिवरून बोलतो. मंडालेतील ‘गीतारहस्य’, नाशिकच्या तुरुंगातील ‘श्यामची आई’: लेखकाच्या त्यागाचा गौरव झाला की चर्चा आटोपते. हस्तलिखित कोणाच्या मर्जीने बाहेर आले, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. त्याचे उत्तर न्यायालयाकडून मिळाले तेही एका मराठी पुस्तकामुळेच.

कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी १९६२च्या नोव्हेंबरात भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध झाले. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे पुस्तक लिहिले. विषय निव्वळ विज्ञानाचा. ते प्रकाशनासाठी पत्नीकडे पाठवण्यास सरकारने नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ६ सप्टेंबर १९६५ रोजी तेथेही हरले.

सरकारचा युक्तिवाद भाषेच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावा. स्थानबद्धांसाठीच्या १९५१च्या आदेशात नमूद आहेत तेवढ्याच सवलती. पुस्तक बाहेर पाठवणे त्यांत नाही, म्हणून तसा हक्कही नाही. न्या. सुब्बाराव यांनी ही मांडणीच उलटी केली. तो आदेश सवलती बहाल करणारा नसून स्वातंत्र्यावर मर्यादा घालणारा आहे. जेथे मर्यादा घातलेली नाही तेथे स्थानबद्धाचे स्वातंत्र्य अबाधित राहते, आणि ते हिरावणे म्हणजे अनुच्छेद २१चा भंग. हे सारे चीन युद्धाच्या वेळची आणीबाणी अद्याप जारी असताना!

तरीही तुरुंगाच्या व्यवहारात ‘सवलत’ हाच शब्द टिकून राहिला. तळोजा तुरुंगात गौतम नवलखा यांना वुडहाऊसचे विनोदी पुस्तक सुरक्षेचे कारण देऊन नाकारले गेले होते. एप्रिल २०२२मध्ये हे ऐकून मुंबई उच्च न्यायालयालाही ते हास्यास्पद वाटले. नवलखांचे नाव मोठे, वकील समर्थ. जुन्नर वा आंबेगावहून येरवड्याला मुलाच्या भेटीस गेलेल्या आईची वही फाटकावरून परत आली, तर ती कोणाकडे दाद मागणार? तालुक्याला विधी सेवा समिती असते खरी. पण वहीसाठीही दाद मागता येते, हे त्या माउलीला कोण सांगणार?

जुन्नर, मंचर, घोडेगावच्या मराठीच्या वर्गांत ‘श्यामची आई’सोबत हा निकाल वाचला जावा, असे आम्ही सुचवतो. तो इंग्रजीत आहे आणि फार लांबही नाही. आमच्या वाचक प्राध्यापकांपैकी कोणी त्याचा अनुवाद वर्गातच करून घेईल काय?