मनसरचा बुटका शिव आणि आपले पुतळे

मौदा तालुक्यातील एखादा कार्यकर्ता मोर्चासाठी दिल्लीस गेला आणि सवड काढून राष्ट्रीय संग्रहालयात डोकावला, तर तेथे त्याला आपल्याच मुलखातला एक रहिवासी भेटेल. रामटेकजवळच्या मनसर येथे १९७२ साली सापडलेली, तांबूस वालुकाश्मातील ही पाचव्या शतकातली मूर्ती वामनरूप शिवाची मानली जाते. आखूड मान, गुबगुबीत हातपाय, सुटलेले पोट आणि मुखावर उघड खुशीचे हसू. देव असा असतो काय, असे कोणालाही वाटावे.

कार्यकर्त्याचा आक्षेप निराळा असेल. सुटलेले पोट हे आपल्या व्यंगचित्रांत सावकाराचे लक्षण. राबणाऱ्याचे पोट खपाटीला गेलेले. त्यातून काळ वाकाटकांचा. दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात एक हजार ब्राह्मणांना आठ हजार भूमी दान दिल्याची नोंद आहे, आणि दान दिलेल्या गावाला विष्टीतून, म्हणजे वेठीतून, सूट आहे. सूट लिहून द्यावी लागते, याचा अर्थ इतरत्र वेठ चालूच होती. तेव्हा आक्षेप गैर नाही. मात्र मूर्तीपुढे घटकाभर थांबले की तो सैल पडतो. हे पोट साठेबाजाचे नव्हे, श्वास भरून घेतलेल्या देहाचे आहे. ज्याचे नावही उरले नाही त्या शिल्पकाराने हाडा-स्नायूंचा हिशेब बाजूला ठेवला आणि गोलाईवरून उतरणारा प्रकाश तेवढा धरला.

दृक्प्रत्ययवाद्यांच्या काळात पॅरिसमध्ये रोदँने याच जातीचे धाडस केले. त्याचा बाल्झाक १८९८ मध्ये लोकांपुढे आला, तेव्हा ज्या लेखकसंघाने तो मागविला होता त्यानेच तो नाकारला. झगा पांघरलेला खडबडीत ढीग, यात साहित्यिक कोठे? रोदँ १९१७ मध्ये वारला. पुतळा ब्राँझमध्ये पॅरिसच्या रस्त्यावर उभा राहिला तो १९३९ साली.

आपल्या पुतळा समित्या त्या संघाहून फारशा वेगळ्या नाहीत, आपल्या पक्षातल्यासुद्धा. छाती पुढे, बोट वर, चौथरा उंच. मनसरच्या मँगनीज खाणीतला कामगार किंवा कन्हानकाठची रोवणी करणारी मजूरबाई या साच्यात बसतच नाही. बसवायची तर तिची वाकलेली पाठ आधी सरळ करावी लागेल. समतेची भाषा बोलणाऱ्यांनी निदान स्वतःच्या वर्गणीतून होणाऱ्या शिल्पांत हा हट्ट सोडावा.

मूळ मूर्ती दिल्लीहून येणे कठीण. परंतु मौद्याच्या एखाद्या शाळेत तिची प्लास्टरची प्रतिकृती ठेवायला हरकत नाही. नेत्यांच्या एका स्वागतकमानीहून अधिक खर्च तिला येऊ नये.