गवत जिथल्या तिथे

आजवर माझा पात्याशी संबंध आला तो दाढीपुरता. तेही मी कधी निवडलं नाही. वाण्याने पुढ्यात टाकलं ते घेतलं आणि गालाने सोसायचं ते सोसलं. त्यामुळे निवृत्तीनंतर, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, आपल्याला गवत कापायच्या यंत्राचं पातं निवडावं लागेल आणि त्यापायी ‘बी’ विंगमधले तीन गृहस्थ आपल्याशी बोलायचे बंद होतील, असं एखाद्या ज्योतिषाने सांगितलं असतं तर मी त्याच्याकडून दक्षिणा परत मागितली असती.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीला लॉन आहे. ‘आम्हांला लॉन आहे’ हे वाक्य आमचे चेअरमन ‘आमचा मुलगा अमेरिकेत आहे’ याच सुरात म्हणतात. बारा हजार चौरस फुटांची हिरवळ. तिच्यावर चालायचं नाही, बसायचं नाही, पोरांनी चेंडू आणायचा नाही. मग करायचं काय? तर बाल्कनीतून बघायचं आणि दर आठवड्याला कापायचं. कापण्यासाठी कमिटीने पेट्रोलवर चालणारं एक दणकट यंत्र आणलं. बागांची कंत्राटं घेणारे लोक वापरतात तसलं, चाळीसेक किलोचं धूड. खाली २१ इंची पातं आणि मागे कापलेलं गवत गोळा करायची भली मोठी पिशवी.

एका कापणीत नऊ पोती गवत निघायचं. आमचे माळीमामा ती पोती एकेक करून पाठीवर घेऊन मागच्या कुंपणापाशी टाकायचे, आणि संध्याकाळी कोणीतरी काडी लावायचं. ओलं गवत धड जळत नाही, नुसतं धुमसतं. त्या कुंपणाला लागूनच वॉचमनची खोली. त्याची दुसरीतली मुलगी एका हाताने नाकाला रुमाल लावून दुसऱ्या हाताने पाढे लिहिताना मी स्वतः पाहिली आहे. बरं, राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ च्या डिसेंबरातच उघड्यावर कचरा जाळण्याला देशभर बंदी घातली. साधं जाळलं तर पाच हजार रुपये दंड, ढिगाने जाळलं तर पंचवीस हजार. हे मी सेक्रेटरींच्या कानावर घातलं तेव्हा ते म्हणाले, “आपण जाळत नाही हो, ते आपोआप पेटतं.”

आता खरी गंमत ऐका. ज्या आठवड्यात नऊ पोती गवत मागच्या दाराने गेलं, त्याच आठवड्यात पुढच्या दाराने युरियाची पोती आली. कापलेल्या गवतात पाणी असतं ऐंशी टक्क्यांच्या आसपास, आणि उरलेल्यात नत्र असतं. तेच नत्र, जे आपण पोत्याने विकत घेतो! कापलेलं गवत बारीक करून तिथल्या तिथे पडू दिलं, तर लॉनला वर्षभर लागणाऱ्या नत्राचा साधारण पाव हिस्सा फुकटात परत मिळतो. म्हणजे घरचा भात गटारात ओतायचा आणि हॉटेलातून भात मागवायचा, असा हा कारभार. घरात बायकोने असं केलं असतं तर कमिटीतल्या प्रत्येकाने तिला हिशेब विचारला असता.

हे बारीक करण्याचं काम करणारं एक निराळं पातं मिळतं. त्याला मल्चिंग ब्लेड म्हणतात. साध्या पात्याच्या मागच्या कडा पंखासारख्या वर उचललेल्या असतात. त्या वाऱ्याचा झोत करून गवत पिशवीत भिरकावतात. मल्चिंगचं पातं बाकदार असतं आणि त्याची धार लांबवर गेलेली असते. ते गवत कापतं, यंत्राच्या टोपाखाली वर उडवतं, गरगर फिरवतं आणि खाली येताना पुन्हा पुन्हा कापतं. बाहेर जायची वाट बूच लावून बंद केलेली असते. शेवटी गवताचा चुरा होऊन मुळाशी पडतो. पिशवी नाही, पोतं नाही, काडीपेटी नाही.

मी हे सर्वसाधारण सभेत मांडलं आणि आपलं चुकलंच, असं मला वाटू लागलं. एक गृहस्थ म्हणाले, त्याने लॉनवर थर साचतो. साचत नाही. तो थर होतो तो चिवट खोडांचा आणि मुळांचा. पानं कोवळी असतात, ती चटकन कुजतात. दुसरे म्हणाले, ते दिसायला बरं नाही. म्हणजे वॉचमनच्या खोलीतला धूर दिसायला बरा! एडविन बडिंग नावाच्या इंग्रजाने १८३० साली लॉन कापायचं यंत्र काढलं, ते कापडगिरणीत लोकरी कापडाची लव कातरणारं यंत्र बघून. आमच्या कमिटीच्या मनातून ती गिरणी अजून गेलेली नाही. लॉन म्हणजे सुटाचं कापड, त्यावर तूस दिसता कामा नये. अहो, कापडाला जेवायला लागत नाही, गवताला लागतं!

तिसऱ्या गृहस्थांनी कळीचा प्रश्न विचारला, “पात्याचा खर्च कोण देणार?” मी आवेशात म्हणालो, “मी देतो.” सभा टाळ्या वाजवून बरखास्त झाली.

इथे मला माझीही फजिती सांगायला हवी. घरी येऊन मी मुलाकरवी ऑनलाइन पातं मागवलं. जुनं पातं टेपने कडेकडेने मोजलं होतं. ते मोजायचं असतं एका टोकाच्या कोपऱ्यापासून दुसऱ्या टोकाच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरपं. शिवाय मधल्या भोकाचा आकार बघायचा असतो. काहींचं भोक गोल, काहींचं चांदणीसारखं. मी बघितला होता फक्त फोटो. फोटो बघून स्थळ पसंत करणाऱ्या घराण्याचं जे होतं ते माझं झालं. लांबी जुळली नाही, भोक जुळलं नाही, आणि आठशे रुपयांचं पातं माळ्यावर जाऊन बसलं. सौभाग्यवतींनी एवढंच विचारलं, “यंत्र चालवणाऱ्याला विचारलं होतंत का?”

नव्हतं विचारलं. तीन सभा झाल्या, दोन उपसमित्या झाल्या, चार कोटेशनं आली, आणि हे धूड रोज ढकलणाऱ्या माणसाला पात्याबद्दल एका शब्दाने कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो.

“मामा, गवताचा चुरा करून तिथंच टाकला तर चालेल का हो?”

माळीमामा सांगलीकडचे, उसाच्या मुलखातले. खुरपं बाजूला ठेवून म्हणाले, “न चालायला काय झालं, साहेब? आमच्याकडं खोडव्यात पाचट जाळत न्हाईत आता. कुट्टी करून सरीतच ठेवतात. पाणी कमी लागतं, जमीन भुसभुशीत होती. तसंच की हे.”

“मग बोलला का नाहीत?”

“कुणी इचारलं?”

पुढचं ज्ञान त्यांनी मला उभ्या उभ्या दिलं, ते सभेत नऊ महिने मिळालं नसतं. “पण साहेब, हे पातं पावसाळ्यात कामाचं न्हाई. ओलं गवत टोपाला आतून चिकटतं, गोळे पडतात, आन् गोळ्याखालचं गवत पिवळं पडतं. चार म्हैने साधंच पातं लावायचं, गवत खड्ड्यात टाकायचं, वर पालापाचोळा घालायचा. खत होतंय.” आणखी एक. हे पातं इंजिनाला जड जातं, तेव्हा यंत्र हळू चालवायला हवं आणि गवत फार वाढू द्यायचं नाही. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापायचं नाही. आणि धार! बोथट पातं कापत नाही, फाडतं. मग शेंडे तपकिरी पडतात आणि कमिटी म्हणते, युरिया आणा.

तेव्हा माझं म्हणणं असं. कोणतं पातं चांगलं हा प्रश्नच अर्धवट आहे. कोरड्या आठ महिन्यांना मल्चिंगचं, पावसाळ्याच्या चार महिन्यांना साधं, अशी दोन पाती ठेवावीत. बदलायला एक पान्हा आणि दहा मिनिटं लागतात. आधी प्लगची वायर काढायची एवढं मात्र विसरू नये, कारण बोटं बदलून मिळत नाहीत. धार लावायला एक कानस. धार झाल्यावर पातं मधल्या भोकात खिळा घालून टांगायचं. एक बाजू झुकली तर ती अजून जरा घासायची, नाहीतर यंत्र थरथरतं आणि ते धूड धरणाऱ्याचे खांदे रात्रभर ठणकतात. या सगळ्याचा खर्च युरियाच्या एका खेपेइतकाही नाही. आणि ज्याचे खांदे ठणकणार, पातं निवडायचा पहिला हक्क त्याचा. चेअरमनांचा त्यानंतर. माझा तर मुळीच नाही.

माळीमामांनी जुनं पातं पिशवीत घातलं, बाजारात जाऊन त्याच्याशी ताडून नवं आणलं. पैसे मी दिले, कारण टाळ्या माझ्या नावावर होत्या. दिवाळीनंतर नव्या पात्याने कापणी सुरू झाली. कुंपणापाशी पोतं नाही, धूर नाही. वॉचमनची मुलगी आता दोन्ही हात वापरून पाढे लिहिते. पाढे चुकतात ते चुकतातच, पण तो दोष पात्याचा नव्हे.

परवा संकष्टीला चेअरमन सकाळीच दूर्वा खुडायला लॉनवर वाकले होते. आमचं लॉन म्हणजे शेवटी हरळीच, शेतकरी जी आयुष्यभर उपटून टाकतो ती. एकवीस दूर्वा जमल्या तसे ते उठून मामांवर गरजले, “काल गवत कापायचं होतं ना? पोती कुठायत?”

“कापलंय की, साहेब,” मामा म्हणाले. “तुमच्या पायाखाली हाय.”

चेअरमनांनी पाय उचलून बघितलं. काही दिसलं नाही. आता पुढच्या सभेत ‘गवत गेले कुठे’ हा विषय त्यांनी अजेंड्यावर घेतला आहे.